बिनपथ्याची गोळी

डॉक्टरांना मी विचारायचं ते सगळं विचारून घेतलं. गोळी जेवणाआधी की नंतर, एखाद्या दिवशी राहिली तर काय, ताप आला आणि दुसऱ्या डॉक्टरची औषधं सुरू झाली तर काय, आबांना फार झोप आली तर उठवायचं की झोपू द्यायचं. आणि आमची प्राजू दीड वर्षाची आहे, जमिनीवर सापडेल ते तोंडात घालते, तिनं चुकून गिळली तर?

या शेवटच्या प्रश्नाला डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ते होताच कामा नये. लहान मुलाच्या जिवाला एखाद-दोन गोळ्याही पुरतात. कुलपात ठेवा. आणि तरीही गिळलीच, तर बघू थोडा वेळ, असं म्हणायचं नाही. तडक दवाखाना."

मी तिथल्या तिथे ठरवलं की ट्रंकेला कुलूप लावायचं आणि किल्ली मंगळसूत्राच्या पिनेत अडकवायची.

सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. "पथ्य काय?"

"काही नाही आजी. सगळं खाऊ द्या. फक्त दारू नको."

"वांगं?"

"खाऊ द्या."

"ताक?"

"सगळं."

सासूबाई उठल्याच. जळगावच्या त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी निकाल देऊन टाकला. "हाऊ डॉक्टर कच्चा शे. ज्या औषधले पथ्य नही, ते औषध कसानं? ती तं लिमलेटनी गोळी."

आबा आमच्या मागून येत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ते बोलले नसते. सगळा घोर होता तो त्याचाच.

हिलाल आबा म्हणजे माझे सासरे. दोंडाईच्याजवळच्या गावात त्यांची मिरचीची शेती. मिरची घेऊन बाजारात गेले की व्यापाऱ्याशी अर्धा दिवस भांडायचे. त्याच्या तराजूचा, त्याच्या आजोबांचा आणि दुकानातल्या मांजराचाही उद्धार करायचे, मग त्याच्याच गादीवर बसून चहा पिऊन यायचे. व्यापारीसुद्धा त्यांची वाट बघत. त्या वर्षी पोळ्यानंतर ते मिरची घेऊन गेले, व्यापाऱ्यानं भाव सांगितला आणि आबा म्हणाले, "बरं."

व्यापारी इतका घाबरला की संध्याकाळी त्यानं घरी माणूस पाठवला, आबांचं काही बिनसलं का विचारायला.

बिनसलं होतंच. टोपी घालणं बंद झालं, जेवण दोन घासांवर आलं. गावात आल्यागेल्याला नावं ठेवणारा माणूस ओट्यावर भिंतीसारखा बसायला लागला. मग एके दिवशी सासूबाईंनी त्यांना विहिरीच्या काठावर उगीच उभं असलेलं पाहिलं. काय करताय विचारलं तर म्हणाले, "काही नही. पानी देखस."

ते ऐकून हे दुसऱ्याच दिवशी रजा टाकून गावी गेले आणि दोघांनाही आमच्याकडे भुसावळजवळ दीपनगरला घेऊन आले. यांची नोकरी वीजकेंद्रात, आठवड्याला पाळी बदलायची. त्यामुळे आबांवर लक्ष ठेवणं माझ्याकडे आलं. मी धुळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेलं, तेव्हा गोळ्यांचं हिला कळतं, असंही घरात धरून चालले होते. लक्ष ठेवणं हा तसाही माझा स्वभाव. प्राजू झोपली की ती श्वास घेते ना हे मी बघते, आणि जागी असली की काय गिळते ते.

रात्री जेवण झालं की मी ट्रंक उघडायची, एक गोळी काढायची, पुन्हा कुलूप लावायचं, कुलूप ओढून बघायचं आणि गोळी नि तांब्या आबांपुढे धरायचा. डॉक्टर म्हणाले होते की काही जण गोळी गालात धरून ठेवतात. म्हणून गिळून झाली की मी म्हणायची, "आबा, आ करा." ज्या माणसापुढे सगळी भाऊबंदकी खाली मान घालायची, तो माणूस सुनेपुढे तोंड उघडून बसायचा. जीभ वर करा म्हटलं की वर करायचा. नाही म्हणायचंही बळ नव्हतं त्यांच्यात.

पहिले काही दिवस गुण काही दिसेना. तोंड मात्र सारखं कोरडं पडायचं. तांब्या हातातून सुटायचा नाही, रिकामा झाला की ते तो नुसता वर धरायचे, आणि मी भरून द्यायची. डॉक्टरांनी हे सांगून ठेवलं होतं. मन वर यायला दोन-तीन आठवडे लागतील, घाई करू नका, हेही सांगितलं होतं.

"तीन हप्ता?" सासूबाई म्हणाल्या. "औषध काय लोणचं शे का, मुराले टाकीसन ठेवाले?"

आणि पथ्याचा विषय त्यांनी स्वतःच्या हातात घेतला.

भुसावळ म्हणजे गाड्यांचं गाव. आमच्या गावाकडचं कुणी ना कुणी भुसावळला गाडी बदलायला यायचं आणि तेवढ्यात दीपनगरला येऊन आबांना बघून जायचं. येणारा बिस्किटचा पुडा आणायचा आणि जाताना एक पथ्य ठेवून जायचा. पहिलं पथ्य झुलालकाकांचं. ते आबांचे चुलतभाऊ, गावातले सगळ्यांत मोठ्या आवाजाचे गृहस्थ. ते म्हणाले, "डोकानी गोळी चालू शे ना? मंग वांगं बंद. वांगं वातूळ. वात सिध्धा डोकामा जास." त्यांच्यानंतर आलेल्या सुकदेवमामांनी ताक बंद केलं, थंड म्हणून. त्यांच्या बायकोनं शेंगदाणे बंद केले, गरम म्हणून. कुणी उडदाची डाळ काढली, कुणी केळी. आमच्या क्वार्टरसमोर केळीच्या गाड्या भरून जायच्या आणि आबा खिडकीतून बघायचे. शेजारच्या भागाबाईंनी टोमॅटो बंद केला. का, ते त्यांनाही सांगता येईना, पण एवढं सगळं बंद आहे तर टोमॅटो कशाला चालू ठेवायचा, असं त्यांचं मत पडलं.

"आई, डॉक्टर म्हणाले सगळं चालतं," मी म्हणायची.

"तो इसरी गया व्हई. पोऱ्याच शे अजून."

"उलट भाज्या, फळं भरपूर द्या म्हणाले. या गोळीनं पोट साफ होत नाही."

"पोट साफ नही व्हस ते वांगं खायेल व्हतं म्हणीसन. आते जुनं वांगं निंघी ऱ्हायनं."

यावर रसायनशास्त्रात काही उत्तर नव्हतं. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा, मला दुसरी पाळी आहे." शेवटी आबांच्या ताटात दूधभात आणि दोडका एवढंच उरलं. सकाळी दोडका, संध्याकाळी दोडका. आबा ते मुकाट्यानं खायचे, कारण तेव्हा त्यांना दोडका आणि पुठ्ठा यांत फरकच कळत नव्हता.

मग दिवाळीच्या सुमाराला एक दिवस भागाबाई चहाला आल्या आणि म्हणाल्या, "आबा, दूध पण रात्रीचं नको हं. माझ्या मावससासऱ्यांना दुधानंच त्रास झाला."

आबांनी तांब्या खाली ठेवला. कितीतरी दिवसांनी त्यांनी समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं.

"भागाबाई," ते म्हणाले, "तुमना नवरानं कोणतं पथ्य करं व्हतं? त्यानं बोलणंच बंद व्हई गयं."

भागाबाईंचे यजमान अख्ख्या कॉलनीत मुके म्हणून ठाऊक. भागाबाईंना चहाचा ठसका लागला. सासूबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि रडता रडता दूध उतू गेलं. भागाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाल्या, "आबा बरे होतायत, नाही का. जिव्हारी लागलं माझ्या."

सासूबाईंना मात्र गुण कशाचा आला यात शंका नव्हती. "देख," त्या मला म्हणाल्या. "वांगं बंद करं आन माणूस बोलाले लागना."

"आई, गोळीनं गुण आला."

"गोळी तं शेच. पन गोळी एकली काय करी?"

आबा रोज थोडे थोडे परत येत गेले. टोपी डोक्यावर चढली. प्राजूला त्यांनी 'थानेदार' नाव ठेवलं, कारण ती सगळ्यांच्या खिशात हात घालायची. आमच्या ओळीतल्या प्रत्येक क्वार्टरला एकेक नाव पडलं. पण मन परत आलं तशी जीभही परत आली, आणि तिला दोडका कळायला लागला.

"आतेलोंग दोडका खाईसन कोनी हसनं शे का?" ते ताटाकडे बघून म्हणायचे. "दोडकालेच गोळी द्या. तोच उदास दिखस."

अशातच थंडी पडली, आणि झुलालकाका भरिताचं आवतण घेऊन आले.

खानदेशात थंडीतलं भरीत घरात होत नाही, वावरात होतं. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात हिरवी वांगी पोटापर्यंत भाजायची, सालं काढून लाकडी डोणीत मुसळानं ठेचायची. मग भाजलेली मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि वर कढत तेल. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. सगळी भाऊबंदकी जमते. झुलालकाका आमच्या पलंगावर बसून हे सगळं साग्रसंगीत सांगत होते, आणि समोर आबा दूधभात खात होते.

"मी येसू," आबा म्हणाले.

"ये ना. येच तू," काका म्हणाले. "खावानं नही, पन बठ. वास ले."

"वास?"

"वासनं पथ्य नही."

आबांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी काकांच्या हातातला कप काढून घेतला.

त्यानंतर साधारण आठवड्याभरात सगळं उलटं फिरलं. आबांना झोप लागेना. सकाळी उठले की डोकं गरगरायचं, भिंत धरून मोरीपर्यंत जायचे. मळमळ व्हायची, कपाळाला घाम यायचा. थानेदारावर खेकसले आणि ती रडली तर स्वतःच डोळे पुसत बसले. पुढे खेकसणंही थांबलं. एका दुपारी मी बाहेर आले तर ते खिडकीशी उभे होते, सासूबाईंना विहिरीवर दिसले होते तसेच.

"काय बघताय आबा?"

"काही नही."

मी खिडकी ओढून घेतली आणि कडी घातली.

सासूबाईंनी दोन मिनिटांत कारण काढलं. कुणीतरी आबांना वांगं खाऊ घातलं. चौकशी सुरू झाली. प्रथम भागाबाईंना बोलावणं गेलं, कारण त्यांनी मिश्र भाजीची वाटी पाठवली होती. भागाबाईंनी शपथेवर सांगितलं की त्यात गाजर होतं, वाटाणा होता, फ्लॉवर होता. "आन जांभयं काय व्हतं?" "बीट." भागाबाई सुटल्या. मग संशय कढईवर गेला. त्या कढईत पंधरवड्यापूर्वी आमच्यासाठी वांग्याच्या फोडी केल्या होत्या. सासूबाईंनी कढई राखेनं घासली, उन्हात ठेवली, तरी मन भरेना म्हणून गॅलरीत बाजूला काढून ठेवली. आम्ही सगळे उकडलेलं खायला लागलो. हे डब्यातला उकडलेला दोडका बघून म्हणाले, "मलाही कुणी डॉक्टरला दाखवलंय का?"

मी मात्र आबांकडेच बघत होते. काहीतरी दिसत होतं आणि काय दिसतंय ते कळत नव्हतं. गोळी मी रोज माझ्या हातानं देत होते. तोंड बघत होते, जीभ बघत होते, दोन्ही गाल बघत होते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं अंथरूण काढताना उशाचा तांब्या उचलला आणि पाणी माझ्या पायावर सांडलं. तांब्या काठोकाठ भरलेला होता.

इतके महिने तो तांब्या सकाळी रिकामा असायचा.

आबा ओट्यावर ऊन खात बसले होते. मी शेजारी जाऊन बसले.

"आबा, गोळी घेता ना?"

"तू तं रोज तोंड देखस मनं."

"मग पाणी का लागत नाही तुम्हाला? तोंड कोरडं पडत नाही?"

माझ्या मांडीवरून प्राजूनं आबांच्या खिशात हात घातला होता, तो त्यांनी काढला. मग तिला म्हणाले, "थानेदार, तुनी माय तुनापेक्षा मोठी थानेदार शे." आणि त्यांनी वरची कवळी काढून माझ्यासमोर धरली. "आठे. हाईना खाले. तुले जीभ दिखे, टाळू नही."

"आणि नंतर?" मी विचारलं. "नंतर कुठे टाकत होता?" माझ्या डोळ्यांपुढे पलंगाखालचा, कपाटामागचा, पायपुसण्याचा एकेक कोपरा येऊन गेला.

"मोरीमा. पानी टाकीसन, सांडपाणीसंगे. पोरना हातमा जावाले नको म्हणीसन. माले कळत नही का?"

एवढं कळणाऱ्या माणसाला मग बाकीचं का कळू नये, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण ते स्वतःच सांगायला लागले. झुलालकाकांनी त्या दिवशी जाताना सांगितलं होतं की गोळी अंगातून निघायला आठ दिवस लागतात. तेव्हा भरिताआधी आठ दिवस गोळी सोडली की अंग रिकामं, आणि रिकाम्या अंगाला पथ्य नाही. भरीत खाऊन पुन्हा गोळी सुरू करणार होते. हिशोब पक्का होता.

"गोळी आन वांगं एक पोटमा चालतस नही ना," आबा म्हणाले. "मंग कोनतं सोडू? गोळीले चव नही." मग आवाज खाली आला. "पन परत तसंच व्हवाले लागनं, वहू. सकायमा उठनं तं बठ्ठं काळं दिखस. माले काय म्हाईत व्हतं, इतली लवकर येस ते."

मी लगेच ट्रंक उघडून गोळी द्यायला निघाले होते, पण डॉक्टरांचं बोलणं आठवलं. मध्ये सुटली तर आपल्या मनानं भरपाई करायची नाही. यांची त्या दिवशी पहिली पाळी होती. मी भागाबाईंकडे निरोप ठेवला, प्राजूला कडेवर घेतलं आणि दोघांना घेऊन जळगावची एस.टी. पकडली.

गाडीत एक गोष्ट मला स्पष्ट दिसायला लागली. डॉक्टर आबांना गोळी पुन्हा देतील. पण जोवर सासूबाईंच्या मते गोळीला वांगं चालत नाही, तोवर भरिताच्या प्रत्येक थंडीत आबा गोळी सोडतील. आणि डॉक्टरांनी 'सगळं खा' म्हटलं की सासूबाई त्यांना कच्चं ठरवणार. दवाखान्यात पोचल्यावर मी प्राजूला सासूबाईंकडे दिलं, "हिला जरा बाहेरची बकरी दाखवा" म्हटलं, आणि कंपाउंडरची विनवणी करून एकटी आत शिरले.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. कवळीपाशी त्यांनी हसू आवरलं, खिडकीपाशी आवरावं लागलं नाही. "आणलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "या गोळ्या एकदम सोडायच्या नसतातच. बंद करायची वेळ येईल तेव्हा मी हळूहळू उतरवीन."

"डॉक्टर, तुम्ही पथ्य सांगा."

"पण पथ्य नाहीये. मी खोटं कसं सांगू?"

"खोटं नकोच. मला जे जे सांगितलं होतंत, तेच आईंना पथ्य म्हणून सांगा. मला सूचना म्हणून सांगितलंत, मी ऐकल्या. आई सूचना ऐकत नाहीत. पथ्य म्हटलं की जीव गेला तरी मोडत नाहीत."

डॉक्टरांनी आबांचा कागद पुढे ओढला. मग त्यांनी घंटी वाजवली.

आधी त्यांनी आबांना तपासलं, त्यांच्याशी एकट्याशी बरंच बोलले. मग आम्हाला आत बोलावलं. खुर्ची पुढे ओढली, चष्मा काढून पुसला आणि सासूबाईंना म्हणाले, "आजी, मागच्या वेळी मी पथ्य सांगितलं नाही. कडक आहे, तुम्हाला जमेल का असं वाटलं."

सासूबाई ताठ बसल्या. "सांगा."

"दारू. थेंबही नाही. वासापुरतीही नाही. दारू आणि ही गोळी एकत्र पोटात गेली तर माणूस झोपेतून उठायचा नाही, असंही होऊ शकतं."

"बरं."

"दुसरं. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. आणि चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, सण आहे म्हणून नाही, उपास आहे म्हणून नाही."

"उपासले बी?"

"एकादशीलाही."

सासूबाईंनी मान डोलावली. आता हा डॉक्टर जरा तयार व्हायला लागला होता.

"अंथरुणातून एकदम उठायचं नाही. आधी बसायचं, पाय खाली सोडायचे, मग उभं राहायचं, नाही तर चक्कर येते. दुसरं कुठलंही औषध, मग ते वैदूचं चूर्ण का असेना, मला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. ही गोळी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. लहान मुलाच्या हाती लागू द्यायची नाही. आणि विहिरीवर, खिडकीत उगीच उभे राहायला लागले, नको ते बोलायला लागले, तर त्याच दिवशी माझ्याकडे आणायचं. दुसऱ्या दिवशी नाही."

"आन खावानं?" सासूबाई पुढे सरकल्या. "वांगं?"

आबा छताकडे बघत होते, पण त्यांचे कान डॉक्टरांकडे होते.

डॉक्टर विचार करायला लागले. खरंच विचार करत होते की नाही देव जाणे, पण चेहरा तसा होता. "कोणतं वांगं?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर असा आदर मी आमच्या लग्नातल्या भटजींसाठीही बघितला नव्हता. "हिरवं. भरीतनं."

"हिरवं चालेल. जांभळंही चालेल. पांढरं असेल तर पांढरंही. कच्चं खाऊ नये."

"कच्चं तं आमी खातंच नही."

"मग उत्तम. ताक, केळी, शेंगदाणे, टोमॅटो रोज द्यायचे. दोडका..."

"दोडका?" आबा म्हणाले.

"दोडका नाही खाल्ला तरी चालेल."

पायऱ्या उतरताना सासूबाई मला म्हणाल्या, "मी तुले सांगं व्हतं ना, डॉक्टर चांगला शे, फक्त इचारणारं पाहिजे." गोळी पुन्हा थोड्यापासून सुरू झाली. कवळी आता सासूबाई स्वतः काढून घ्यायच्या, गोळीच्या आधी, आणि धुऊन परत द्यायच्या. आबांचा तांब्या पुन्हा रिकामा व्हायला लागला.

झुलालकाकांना आम्ही भरीत पुढे ढकलायला लावलं. पौष संपता संपता सूरत पॅसेंजरनं आम्ही सगळे दोंडाईच्याला उतरलो. काकांच्या वावरात जाळ पेटलेला होता, वांग्यांच्या धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि मी प्राजूला काखेत इतकी घट्ट धरून होते की ती माझ्या कानात ओरडत होती. तिच्यासाठी मला जाळाची भीती होती आणि आबांसाठी डब्यांची. मोहाच्या दारूचे दोन डबे निंबाच्या झाडामागे ठेवलेले मी आल्या आल्या पाहिले होते.

बायकांची पंगत विहिरीकडे होती. सासूबाई तिकडे गेल्याच नाहीत. पुरुषांच्या रांगेत, आबांच्या शेजारी, त्यांनी बसकण मारली.

"वहिनी," झुलालकाका म्हणाले, "बायास्नी पंगत तथा शे."

"माले म्हाईत शे. मी बाई म्हणीसन नही बठनी. मी पथ्य म्हणीसन बठनी." आणि त्यांनी आबांच्या पुढचं पाणी उचलून हुंगलं.

आबांनी पहिला घास घेतला तेव्हा मी इकडून बघत होते. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या भाकरीला म्हणाले, "मीठ कमी शे," आणि सगळ्या रांगेला हायसं वाटलं.

मग काका ग्लास घेऊन आले. "हिलालभाऊ, थंडी शे. एकच घोट. आजनी रात गोळी नको लेऊ, म्हंजे झायं."

सासूबाई तोंड उघडणार होत्या, आबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी उठून उभी राहिले होते. सगळी रांग आबांकडे बघत होती. थोरल्या भावानं चुलतभावाच्या वावरात ग्लास परत केला असं त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं.

"झुलाल," आबा म्हणाले, "वांगासाठे गोळी सोडी व्हती, तं मी खिडकीमा जाई उभा ऱ्हायनू. तुनी हाई पिईसन काय व्हई, ते माले पेवानं काम नही. ते तुना तोंडवर दिखस."

रांग फिस्सकन हसली. काकाही हसले, पण त्यांचं हसू बाकीच्यांच्या आधीच संपलं. ते ग्लास हातात धरून तिथेच मातीत बसले.

"वहू," आबांनी मला हाक मारली, "आण गोळी."

मी बायकांमधून पुढे होऊन, प्राजूला कडेवर घेऊन, सगळ्या भाऊबंदकीसमोर पिनेतली किल्ली काढली. ट्रंकेचं कुलूप प्रवासापुरतं पिशवीतल्या डब्याला लावलं होतं, ते उघडलं, गोळी दिली, कुलूप पुन्हा लावून ओढून बघितलं. आबांनी कुणाकडे न बघता कवळी काढून सासूबाईंच्या हातात दिली आणि गोळी गिळली. एका पोरानं विचारलं, "आबा, कसानी गोळी शे?"

"मन बठी गयं व्हतं," आबा म्हणाले. "उठाडाले."

वांगी ठेचणाऱ्याचा हात थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला.

झुलालकाका आबांच्या जवळ सरकले. त्यांच्यासारख्या मोठ्या आवाजाच्या माणसाला हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "भाऊ, माले बी झोप नही येत. लई दिन व्हयनात. म्हणीसन तं मी हाई..." आणि त्यांनी ग्लासाकडे बोट केलं. "मना बी मन त्याच डॉक्टरले दखाडता येई का? पथ्य काय शे त्यानं?"

"मना संगे चाल," आबा म्हणाले. "सोमवारले. माले एकलाले त्या बाकवर बठानं कटाळा येस. पथ्य तो सांगी."

काकांनी ग्लासातलं मातीत ओतलं आणि त्यातच पाणी घेतलं.

सासूबाईंनी हात लांब करून तो ग्लास त्यांच्या हातातून घेतला, हुंगला, आणि नाक मुरडून माझ्याकडे दिला. "नीट इसळीसन आन," म्हणाल्या. मी तो दोनदा विसळून, पाणी भरून काकांना दिला, आणि ते पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिले.